रात्री आठ ते दहाचा बोर्ड

खेळाडू बाईची कारकीर्द कशावर उभी राहते, याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे. जिद्द, आईवडिलांचा पाठिंबा आणि गुरूंचे आशीर्वाद. शाल-श्रीफळाच्या कुठल्याही समारंभाला जा, भाषण हेच. मी गेली पंचवीसेक वर्षं डोंबिवलीत बायकांच्या गटाबरोबर काम करते आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कॅरम खेळते आहे. माझं उत्तर जरा रुक्ष आहे. कारकीर्द उभी राहते ती मोकळ्या वेळेवर, खेळायच्या जागेवर आणि महिन्याच्या पगारावर. जिद्द लागतेच, पण जिद्दीच्या मुली आपल्या वस्त्यांमध्ये ढिगाने आहेत. त्यांना रात्री आठ ते दहा या वेळात बोर्ड मिळत नाही.

हे नीट सांगायचं तर आधी थोडं लांब जावं लागेल, कॅनडा-स्कॉटलंडपर्यंत. तिथे कर्लिंग नावाचा एक खेळ आहे. आपल्याकडे बर्फाची लादी येते ती मासळीबाजारात नाहीतर लग्नाच्या हॉलवर, त्यामुळे ठाण्या-कल्याणात हा खेळ कुणी खेळेल अशी शक्यता नाही. पण कॅरम खेळलेल्या बाईला तो पाच मिनिटांत कळतो. साधारण ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी. एका टोकाकडून ग्रॅनाइटचा गुळगुळीत दगड सोडायचा, तो घसरत दुसऱ्या टोकाच्या वर्तुळात जाऊन थांबला पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचा दगड तिथे असेल तर तो उडवायचा, आपला असेल तर त्याच्यापुढे दुसरा उभा करून त्याला आडोसा द्यायचा. कट, धक्का, आडोसा, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की आपला स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि त्यांचा दगड १७ ते २० किलोंचा. दगड घसरत असताना संघातल्या दोघी त्याच्यापुढे धावत ब्रशने बर्फ घासतात, म्हणजे तो आणखी दूर आणि सरळ जातो. पूर्वी त्यासाठी चक्क झाडू वापरत. झाडू मारून सुवर्णपदक मिळावं असा दुसरा खेळ मला तरी ठाऊक नाही. आपल्याकडे निम्मी लोकसंख्या रोज सराव करते आणि पदकाचं नाव नाही.

या खेळातली सँड्रा श्मर्लर ही कॅनडाची बाई मला फार जवळची वाटते. १९९३, १९९४ आणि १९९७ असे तीन जागतिक किताब तिच्या संघाने जिंकले. १९९८ साली जपानमध्ये नागानोला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा कर्लिंगचा समावेश पदकांच्या खेळांत होता आणि बायकांचं सुवर्णपदक या चौघींनी नेलं. आता तिचं रोजचं आयुष्य बघा. रेजायना या गावात ती एका सार्वजनिक क्रीडाकेंद्रात देखरेखीची नोकरी करत होती. ऑलिंपिकसाठी कॅनडाचा संघ निवडायची स्पर्धा १९९७च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा तिची पहिली मुलगी तीन महिन्यांचीही झालेली नव्हती. जोडीच्या जॅन बेटकर, जोन मकस्कर आणि मार्शिया गुडराइट यांचंही आयुष्य नोकरी, घर आणि खेळ असं तीन ठिकाणी विभागलेलं. दोन वर्षांनी, २ मार्च २०००ला, ती कॅन्सरने गेली. वय ३६. तिचा अंत्यविधी देशभर दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला आणि ती जिथे काम करत होती त्या क्रीडाकेंद्राला पुढे तिचंच नाव देण्यात आलं.

ओल्या बाळंतिणीने ऑलिंपिकसाठीची निवड स्पर्धा खेळावी, हे ऐकून आपल्याकडे कुणीही म्हणेल, केवढी जिद्द! मला त्यात आणखी काही दिसतं. तिच्याकडे पगाराची नोकरी होती. संध्याकाळी जाऊन खेळता येईल असा क्लब होता. बाकीच्या तिघींना बाळाची दूध प्यायची वेळ म्हणजे काय ते कळत होतं. यातली कुठलीही गोष्ट आकाशातून पडलेली नाही. स्कॉटलंडमध्ये या खेळाची मुख्य संस्था स्थापन झाली १८३८ साली. पुरुषांची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९५९ साली. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली १९७९ साली. मधली वीस वर्षं बायका घरी बसल्या नव्हत्या, आपापल्या गावांत खेळतच होत्या. जगाने त्यांची स्पर्धा भरवायला वीस वर्षं लावली.

आणि भरवल्यावरही कौतुक कसं करायचं ते कळलं नाहीच. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ऱ्होना मार्टिनच्या स्कॉटिश संघाने ब्रिटनला सुवर्णपदक मिळवून दिलं. शेवटचा दगड तिने टाकला आणि स्वित्झर्लंडवर ४-३ असा विजय मिळवला. बातम्यांमधून तिची ओळख काय, तर दोन मुलांची आई, गृहिणी. पुरुष जिंकला की ‘दोन मुलांच्या बापाचा विजय’ असा मथळा मी अजून वाचलेला नाही. असो. ऱ्होना पुढे प्रशिक्षक झाली आणि २०१४ साली तिच्या हाताखालच्या ब्रिटिश मुलींनी ब्राँझ मिळवलं. म्हणजे तिची कारकीर्द त्या एका रात्रीपुरती नव्हती.

आता घरी येऊ या.

कॅरम हा घरात बसून खेळायचा खेळ. मैदान नको, बूट नकोत, चड्डी-बनियनचा प्रश्न नाही, धावणं नाही, उन्हात काळं पडणं नाही. मुलींना खेळू न देण्याची जेवढी कारणं आपल्याकडे दिली जातात, त्यातलं एकही कॅरमला लागू पडत नाही. बोर्डही सगळ्यांना एकच. ७४ सेंटिमीटरचा चौरस, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी, २५ गुण किंवा आठ बोर्ड, तीनपैकी दोन गेम. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत पुरुष पाच सेट खेळतात आणि बायका तीन, तसलं इथे काही नाही. खरं तर सगळ्या खेळांत बायकांनी पुढे असावं असा हा खेळ.

तरी तुम्ही आज संध्याकाळी ठाण्यात, कल्याणला किंवा डोंबिवलीत एखाद्या जुन्या वस्तीतून फेरी मारा. मंडळाच्या शेडमध्ये, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, व्यायामशाळेच्या पुढच्या खोलीत, पत्र्याच्या टोपीखाली लोंबणारा दिवा आणि त्याच्याखाली बोर्ड. चार जण खेळतात, दहा जण बघतात. चौदा मुलगे आणि एकही मुलगी नाही. खेळ घरातला, पण तो शिकायची शाळा रस्त्यावर आणि ती भरते रात्री. घरातल्या बोर्डवर हात बसतो एवढंच. बोर्ड कसा वाचायचा, समोरच्याची सोंगटी कशी अडकवायची, राणी कधी घ्यायची आणि कव्हर कुठलं ठेवायचं, हे त्या दहा जणांच्या घोळक्यात उभं राहून कळतं. चुकीचा स्ट्रोक मारला की मागून कुणीतरी ओरडतं, तेच प्रशिक्षण. मुलीला त्या घोळक्यात उभंच राहता येत नाही. उभी राहिली तर ती कॅरम बघते आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

मी ज्या चाळीत वाढले तिथे आमच्या गॅलरीतला बोर्ड दुपारी बायकामुलींचा असे. दोन ते चार. नळाचं पाणी जाऊन भांडी आवरलेली आणि दळणाला जायची वेळ अजून झालेली नाही, अशा फटीतले दोन तास. चार वाजले की बोर्ड मुलांकडे जायचा तो रात्रीपर्यंत. तो नियम कुणी केला, कुणाला विचारून केला, हे कधी कुणी बोललं नाही. माझ्या आईचा कट जबरदस्त होता. तिने कुठली स्पर्धा खेळली नाही. खेळायची असते हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागले. आमच्या कार्यालयात दरवर्षी क्रीडासप्ताह असे. बायकांसाठी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि कॅरम. पुरुषांचे सामने रीतसर तीन गेमचे, पंच बसवून, कार्यालय सुटल्यावर. बायकांचे जेवणाच्या सुट्टीत, एका बोर्डात निकाल. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘तुम्हालाच गाडी पकडायची घाई असते.’ घाई असायचीच. डोंबिवलीला उतरून भाजी घेऊन घरी पोहोचायचं तर सहाची गाडी चुकवून चालत नाही. पण ती घाई आमच्या अंगात जन्मजात आहे असं समजून स्पर्धेचे नियम बदलले जात, घराचे नाही. एका बोर्डात निकाल म्हणजे ब्रेक ज्याच्या हाती त्याचं नशीब. आठ बोर्ड खेळल्याशिवाय कोण चांगलं खेळतं ते ठरत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ‘बायकांच्या कॅरमला दर्जा नाही’ हे वाक्य सिद्ध होत राहिलं.

साडी नेसून खेळण्याचाही एक धडा आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही. पुढे वाकलं की पदर बोर्डवर येतो, सोंगटीला लागतो आणि वाद होतो. म्हणून पदर कमरेला घट्ट खोचायचा. मग बघणाऱ्यांच्या नजरा पदराकडे. बोटाला विळीने कापलेलं असेल तर स्ट्रायकरला धार येत नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण नेमबाजीचा खेळ असल्या क्षुल्लक गोष्टींवरच हरला-जिंकला जातो.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला किती वेळ जातो ते मोजलेलं आहे. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. फरक २०१ मिनिटांचा. कॅरमचा एक चांगला अटीतटीचा सामना तासभर चालतो. म्हणजे पुरुषाच्या हाताशी रोज तीन सामन्यांएवढा वेळ जास्त आहे. पाच वर्षांत तीन सामन्यांप्रमाणे किती सराव होतो, ते ज्याचं त्याने मोजावं.

आता पगाराबद्दल. कॅरममध्ये बक्षिसाच्या रकमेवर घर चालत नाही, पुरुषाचंही नाही. कॅरमपटूची कारकीर्द म्हणजे खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी. पाटण्याच्या रश्मी कुमारी यांनी राष्ट्रीय विजेतेपद दहाहून अधिक वेळा मिळवलं, त्या विश्वविजेत्या झाल्या, आणि त्यांच्यामागे ओएनजीसीची नोकरी आहे. हैदराबादच्या एस. अपूर्वा विश्वविजेत्या, त्या एलआयसीच्या. आपल्या महाराष्ट्रात जळगावच्या जैन इरिगेशनने कॅरमपटूंना नोकऱ्या दिल्या, त्यात मुलीही आहेत. राष्ट्रीय स्पर्धांची पत्रकं वाचली तर खेळाडूच्या नावापुढे गावाऐवजी संस्थेचं नाव दिसतं, त्याचं कारण हेच. सकाळी डबा करून सातची गाडी पकडणाऱ्या बाईला सरावासाठी दोन तास सवलत देणारा साहेब असेल तर ती खेळाडू, नसेल तर ती ‘आमच्याकडे पूर्वी छान खेळायची’ यातली.

अशा कायम नोकऱ्या आता जागोजाग आटल्या. कंत्राटी मुलीला खेळासाठी रजा कोण देणार? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण खेळ यादीत आहे का, पदक कोणत्या स्पर्धेतलं धरायचं, प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं, यात वर्षं निघून जातात. ज्या खेळाला ऑलिंपिक नाही, आशियाई स्पर्धा नाही, तो रांगेत मागेच उभा असतो आणि कॅरमला ही दोन्ही नाहीत. कॅरमला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९६ सालचा, चेन्नईच्या ए. मारिया इरुदयम या विश्वविजेत्या पुरुष खेळाडूला.

बक्षिसं मिळत नाहीत असं नाही. २०१२ साली पाटण्याला बायकांचा कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे यांना, राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. २०२४च्या नोव्हेंबरात अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, तिथे चेन्नईच्या एम. खाझिमा या मुलीने एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदकं मिळवली. वडील रिक्षाचालक. तमिळनाडू सरकारने तिलाही एक कोटी दिले. मला या मुलींबद्दल मनापासून आनंद आहे, आणि कोटीची रक्कम ऐकून नाक मुरडणाऱ्यांचा रागही येतो, कारण क्रिकेटवाल्यांच्या कोटींना कुणी नाक मुरडत नाही. पण हा पैसा जिंकल्यानंतरचा आहे. खाझिमा त्या विमानात बसेपर्यंतची वर्षं तिच्या बापाच्या रिक्षाने ओढली. ज्या मुलींच्या घरची रिक्षा मध्येच बंद पडली, त्यांची नावं आपल्याला कळणार नाहीत.

आमच्या गटातली एक मैत्रीण चार घरची धुणीभांडी करते. तिची मुलगी पंधरा वर्षांची, शाळेत कॅरम शिकली, हात इतका हलका की मी तिच्यासमोर बसायला कचरते. गेल्या वर्षी तिने ठाण्यातल्या एका स्पर्धेत नाव घातलं. सकाळचे दोन सामने जिंकली. तिसरा दुपारी चारला होता, तो पुढे पुढे जात रात्री साडेनऊवर गेला, कारण मुख्य बोर्डवर पुरुषांचे सामने लांबले होते. मुलीबरोबर आई होती. आईला पहाटे साडेपाचला उठून सहाला पहिल्या घरी पोहोचायचं होतं, आणि ठाण्याहून डोंबिवलीला उतरून पुढे त्यांच्या वस्तीत जायला रात्री अकरानंतर रिक्षा मिळत नाही. मिळाली तर भाडं दुप्पट. आईने संयोजकांना विचारलं, आमचा सामना जरा आधी घेता का? ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखे. साडेआठला दोघी निघाल्या. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘वॉकओव्हर’ लिहिलं गेलं. एकही सोंगटी न मारता पोरगी हरली, आणि तो कागद पुढच्या निवडीला धरतात.

हे सांगितलं की लोक संयोजकांना दुष्ट ठरवतात. ते दुष्ट नव्हते. दोघांनी तर नंतर फोन करून हळहळही व्यक्त केली. त्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडू म्हणून जो माणूस होता तो रात्री बारा वाजता दोस्ताच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी जाणारा होता, एवढंच. वेळापत्रक त्याचं होतं. समितीत एक जरी बाई असती तर मुलींचे सामने आधी उरकून घ्या, हे तिला सुचवावंही लागलं नसतं. ती ते गृहीतच धरून आली असती.

म्हणूनच खेळ कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न सोडून चालत नाही. पुन्हा कर्लिंगचंच उदाहरण देते. २०१८ साली दक्षिण कोरियात झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये यजमानांच्या पाच मुलींनी रौप्यपदक मिळवलं. पाचहीजणींचं आडनाव किम. बहुतेकजणी लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उइसंग या छोट्या गावच्या, म्हणून लोकांनी त्यांना ‘लसूणकन्या’ म्हणायला सुरुवात केली. देशभर जाहिराती, सत्कार. नऊ महिन्यांनी, नोव्हेंबरात, या पाचजणींनी पत्र लिहून जाहीर केलं की आमचे प्रशिक्षक आम्हाला शिवीगाळ करतात, बक्षिसाचे पैसे आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कर्णधार किम उन-जंग हिचं म्हणणं होतं की तिने लग्न केलं, पुढे मूल होऊ द्यायचा विचार सांगितला, तेव्हापासून तिला संघातून बाजूला काढायचे प्रयत्न सुरू झाले. प्रशिक्षण, संघ आणि तिथलं क्रीडागृह एकाच घराच्या मुठीत होतं. राष्ट्रीय संघटनेचे माजी उपाध्यक्ष, त्यांची मुलगी आणि जावई. २०१९च्या फेब्रुवारीत सरकारी चौकशीत मुलींच्या बहुतेक तक्रारी खऱ्या ठरल्या, पैशांची अफरातफरही निघाली. मुली पुढे दुसऱ्या शहराच्या संघात गेल्या आणि २०२२च्या ऑलिंपिकला पुन्हा उतरल्या.

२०२३च्या जानेवारीत आपल्या कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर येऊन बसल्या, तेव्हा ‘आत्ताच का बोलल्या’ असं विचारणारे आपल्या आसपासही खूप होते. त्यांना मी कोरियाची गोष्ट सांगत असे. पदक हातात येईपर्यंत मुलीचं कुणी ऐकतच नाही, मग ती आधी कशी बोलणार? २०२५ साली केंद्राने क्रीडाप्रशासनाचा कायदा केला, त्यात राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. चांगलं झालं. पण दिल्लीतल्या कार्यकारिणीपासून आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या शेडपर्यंत बरंच अंतर आहे. मंडळाच्या अहवालात बायका सापडतात त्या हळदीकुंकू, रांगोळी आणि महाप्रसाद या पानांवर.

चळवळीतल्या काही मैत्रिणींना हा विषय हलका वाटतो, हे मला माहीत आहे. एकीने मला बैठकीत स्पष्टच विचारलं, ‘ताई, नवऱ्याने मारलं म्हणून बायका रात्री दार ठोठावतात आणि आपण कॅरमवर ठराव करायचा?’ तिचा राग मला समजतो. त्या रात्री दार उघडणाऱ्यांत मीही असते. पण मला त्या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या वाटत नाहीत. ज्या बाईला आठवड्यातून दोनदा रात्री आठ ते दहा घराबाहेर, चार माणसांत, स्वतःच्या आवडीच्या कामासाठी जाता येतं आणि परत आल्यावर ‘कुठे होतीस’ याचा जाब द्यावा लागत नाही, तिच्या घराची घडी थोडी तरी वेगळी बसलेली असते. तिला ओळखणाऱ्या चार बाया असतात. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या बऱ्याच जणींना नातेवाइकांखेरीज फोन करावा असं एकही माणूस नसतं.

आणि करमणूक हा बायकांचा हक्क नाही, असं तरी कुणी ठरवलं? लोकलच्या बायकांच्या डब्यात बघा. भाजी निवडत, विणत, भजन म्हणत, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा केक कापत बायका तास-सव्वा तास काढतात. लोक त्याचं कौतुक करतात, मीही पूर्वी करायची. आता वाटतं, उभ्या दिवसात एवढी एकच जागा उरली आहे आणि तीही धावती.

मुंब्र्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे ‘परचम’ या गटाने २०१२पासून मुलींचा फुटबॉल सुरू केला. मुस्लिम मुली, हिंदू मुली, हिजाब घालणाऱ्या, न घालणाऱ्या, सगळ्या एका संघात. खेळायला जागा नाही म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम काढली, आमदारांपर्यंत गेल्या, मुलींना मैदान हवं अशी मागणी लावून धरली. ज्या गावाबद्दल बाहेरचे लोक ‘तिथल्या मुली घराबाहेर पडत नाहीत’ म्हणतात, तिथल्या मुली मैदान मागायला घराबाहेर पडल्या. आपल्या डोंबिवलीला सुशिक्षितांचं शहर म्हणवून घ्यायची हौस आहे. इथे मुलींसाठी वेळ राखून ठेवलेली कॅरमची खोली मी तरी पाहिलेली नाही. फुटबॉलला मैदान लागतं, पैसा लागतो. कॅरमला एक दिवा, एक बोर्ड, चार खुर्च्या आणि डबीभर पावडर लागते. महापालिकांत २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. समाजमंदिरं, वाचनालयांचे हॉल, व्यायामशाळांच्या खोल्या पालिकेच्या मालकीच्या आहेत आणि मंडळांच्या ताब्यात आहेत. तिथे आठवड्यातून दोन रात्री मुलींच्या, एवढं लिहून घ्यायला कुठला निधी लागतो?

आम्ही आमच्या भागातल्या एका मंडळाकडे दिवाळीनंतर अर्ज दिला. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते दहा, मुली आणि बायकांसाठी दोन बोर्ड. आमची एक बाई हजर राहील, पावडर आमची, सोंगट्या हरवल्या तर आम्ही भरून देऊ, असंही लिहिलं. कार्यकर्ते चांगुलपणाने बोलले. चहा दिला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘दुपारी दोन ते चार घ्या, तेव्हा खोली रिकामीच असते.’

दोन ते चार. माझ्या आईची वेळ.

दुपारी मुली शाळा-कॉलेजात असतात, त्यांच्या आया दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात किंवा मुंबईला टेबलावर बसलेल्या असतात. रिकाम्या खोलीत रिकाम्या वेळी खेळून कुणाचा खेळ सुधारत नाही, समोर चांगलं खेळणारं माणूस लागतं आणि ते रात्रीच येतं. आम्ही तसं परत लिहून दिलं आहे. या वेळी अर्जावर एकसष्ट बायकांच्या सह्या आहेत, आणि त्या पोरीने स्वतः जाऊन वस्तीतल्या सात मुलग्यांच्याही घेतल्या आहेत. तिचं म्हणणं असं की, ‘ते मला खेळायला घेतात, पण हरले की बोर्ड उचलतात. सही करताना मात्र कुणी नाही म्हणालं नाही.’

मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. बायकांना बोलावलेलं नाही. आम्ही जाणार आहोत. कल्याण, ठाकुर्ली, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे इथल्या गटांनी आपापल्या भागात बोर्ड कुठे आहेत, किल्ली कुणाकडे असते आणि आठनंतर तिथे कोण बसतं, एवढं बघून आम्हाला कळवलं तर पालिकेकडे जाताना आमच्या हातात एक कागद जास्त असेल.